आईच्या हातातलं काम काढून घेऊ नका

"तू बस गं आई, मी करते." किती प्रेमाने म्हणतो आपण हे! सौम्य पक्षाघातानंतर आईचा उजवा हात अडखळू लागला, तेव्हा मीही दिवसातून दहादा म्हणत होते.

इथल्या ऑक्युपेशनल थेरपिस्टने पहिल्याच भेटीत विचारलं, "या हाताने त्या काय काय करायच्या?" दुभाषी अर्थातच मी. आईला न विचारताच "घरकाम" म्हणून मोकळी झाले. परतताना गाडीत आई म्हणाली, "अगं, वाती सांगायच्या होत्यास."

फुलवात वळताना बोटं काय करतात ते बघा. कापसाचा पुंजका चिमटीत धरायचा, हवा तेवढाच ओढायचा, टोकाला पीळ द्यायचा. जोर जास्त झाला तर कापूस तुटतो, कमी पडला तर पीळ सुटतो. थेरपीतल्या खुंट्या भोकांत बसवायलाही चिमूटच लागते. पण बसवून झाल्या की त्या पुन्हा काढायच्याच असतात! (मोजमापाला त्या उत्तम. नऊ खुंट्यांची चाचणी मीही नाकारणार नाही.)

हा नुसता भावनेचा प्रश्न नाही. वू, ट्रॉम्ब्ली आणि सहकाऱ्यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात पक्षाघात झालेल्यांनी एकदा टेबलावरची नाणी गोळा करायला हात पुढे नेला, एकदा नाण्यांशिवाय नुसताच. नाणी असताना हात जास्त सरळ आणि सफाईने गेला. कॅथरीन लँग यांच्या गटाने २००९मध्ये थेरपीच्या बैठकांत हालचाली मोजल्या, तर हाताच्या कामाच्या हालचाली एका बैठकीत सरासरी ३२च भरल्या. प्राण्यांवरच्या प्रयोगांत मेंदू बदलायला शेकडो करून घेतात. आता खुंट्या शेकडो वेळा कोण बसवणार? वाती मात्र आई टीव्ही बघताबघता शंभर वळायची.

म्हणून माझं म्हणणं, महागडा रोबोटिक हातमोजा शोधण्याआधी त्या माणसाला विचारा, आणि उत्तर त्यालाच देऊ द्या. लसूण सोलायला अर्धा तास लागला तर लागू द्या. (हे सगळ्यात अवघड. माझा हात अजूनही आपोआप पुढे जातो.) बोटांना चटका कळत नसेल, तर गॅस आणि सुरी मात्र थेरपिस्टला विचारल्याशिवाय नको.

पुढच्या भेटीला आईने डबीत कापूस नेला. वात म्हणजे काय हे सांगायला मला धड इंग्रजी शब्द सापडेना, तेव्हा तिनेच करून दाखवली. पहिली लगेच उलगडली. तिने दुसरी घेतली.