दोष मानेचा नव्हे, हिशेबाचा: रोम १९६० आणि मिल्खा सिंग यांची ४०० मीटर शर्यत

१/
भारतीय क्रीडाइतिहासातील सर्वांत लोकप्रिय दंतकथा चार शब्दांत मावते: ‘मिल्खाने मागे वळून पाहिले.’ रोम ऑलिंपिक, ६ सप्टेंबर १९६०, ४०० मीटरची अंतिम शर्यत. विजय हाताशी होता, मान वळली आणि पदक निसटले, असे तीन पिढ्यांना सांगण्यात आले. ही कथा इतिहास म्हणून कच्ची आहे आणि धडा म्हणून घातक आहे. हा धागा तिच्याविरुद्ध.

२/
प्रथम निकाल. अमेरिकेचा ओटिस डेव्हिस आणि जर्मनीचा कार्ल कॉफमन, दोघेही ४४.९ सेकंद. विश्वविक्रम दोघांच्या नावे लागला, सुवर्णपदक छायाचित्र पाहून डेव्हिसला मिळाले. दक्षिण आफ्रिकेचा माल्कम स्पेन्स ४५.५. मिल्खा सिंग ४५.६. रोमपूर्वीचा ऑलिंपिक विक्रम ४५.९ होता. म्हणजे चौथा आलेला धावपटूही त्या विक्रमाच्या पुढे होता.

३/
आता सूक्ष्म मोजमाप. स्वयंचलित घड्याळानुसार डेव्हिस ४५.०७, स्पेन्स ४५.६० आणि मिल्खा ४५.७३. सुवर्णपदक ०.६६ सेकंद दूर होते. कांस्यपदक मात्र ०.१३ सेकंदावर, म्हणजे शेवटच्या टप्प्यातील वेगाने सुमारे एका मीटरवर. ‘सुवर्ण हातचे गेले’ म्हणणाऱ्यांनी आधी हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत.

४/
हा एक मीटर कुठे गेला, हे समजण्यासाठी शर्यतीचा स्वभाव समजला पाहिजे. ४०० मीटर पूर्ण वेगाने कोणीही धावू शकत नाही. सर्वोच्च वेग पहिल्या पन्नास-साठ मीटरांत गाठला जातो. नंतर स्नायूंतील तत्काळ ऊर्जेचा साठा आटतो, आम्लता वाढते आणि पाय जड होत जातात. अखेरच्या शंभर मीटरांत प्रत्येक जण मंदावतो. प्रेक्षकांना जी ‘मुसंडी’ दिसते, ती बहुधा इतरांपेक्षा कमी मंदावण्याची करामत असते.

५/
म्हणून ही शर्यत शक्तीइतकीच खर्चाच्या हिशेबाची असते. मायकल जॉन्सनने १९९९ साली सेव्हिल येथे ४३.१८ सेकंदांचा विश्वविक्रम केला. पहिले २०० मीटर २१.२२ सेकंदांत, उरलेले २१.९६ सेकंदांत. दोन अर्धांतील फरक पाऊण सेकंदाहूनही कमी. हा काटकसरीचा आदर्श नमुना होय.

६/
याउलट एरिक लिडेल, पॅरिस १९२४. पहिले २०० मीटर २२.२ सेकंदांत, एकूण ४७.६. उत्तरार्धाला २५.४ सेकंद लागले. त्याने प्रारंभीच सर्वस्व उधळले, तरी सुवर्ण जिंकले. पण तीच उधळपट्टी लुई जोन्सला भोवली. १९५६ साली ४५.२ चा विश्वविक्रम करून तो मेलबर्नला गेला, अंतिम शर्यतीत सुसाट सुटला, शेवटी कोसळला आणि पाचवा आला. सुवर्ण त्याचाच देशबंधू चार्ल्स जेन्किन्स ४६.७ सेकंदांत घेऊन गेला.

७/
मिल्खा सिंग मेलबर्नला होते. तेथे ते प्राथमिक फेरीतच बाद झाले. परतल्यावर त्यांनी सरावाचा डोंगर उपसला आणि दोन वर्षांत कार्डिफच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ४४० यार्डांचे सुवर्ण ४६.६ सेकंदांत जिंकले. तेथे पराभूत कोण झाला? हाच स्पेन्स. अमेरिकन प्रशिक्षक आर्थर हॉवर्ड यांचा सल्ला, मिल्खा यांनी पुढे सांगितल्यानुसार, साधा होता: स्पेन्सची वाट पाहू नका, आरंभापासून जोर लावा.

८/
म्हणजे मिल्खा यांच्याकडे एक योजना होती आणि ती यशस्वी ठरलेली होती. आता रोम. बंदुकीचा आवाज होताच स्पेन्स झपाट्याने निघाला. मिल्खाही पूर्वार्धात आघाडीच्या धावपटूंत होते. दुसऱ्या वळणावर डेव्हिसने वेग वाढवला आणि सरळ टप्प्यात तो सर्वांपुढे आला. पाठोपाठ कॉफमन झेपावत आला. शर्यतीचा निर्णय ज्या पट्ट्यात झाला, तो तिसऱ्या शंभर मीटरांचा होता.

९/
आणि मिल्खा यांनी स्वतः काय सांगितले? अडीचशे मीटरांच्या आसपास आपण फार वेगात आहोत, शेवटी दम पुरणार नाही, असे त्यांना वाटले आणि त्यांनी वेग किंचित आवरला. नंतर तो परत मिळाला नाही. मान वळल्याचा उल्लेख त्यांच्या आठवणींतही येतो, पण मूळ चूक ते वेग आवरण्यालाच म्हणतात. दंतकथेने मूळ चूक गाळली आणि मान ठेवली.

१०/
हिशेब करून पाहा. या दर्जाच्या धावपटूला तिसरे शंभर मीटर पार करायला साधारण सव्वाअकरा सेकंद लागतात. तेथे वेग केवळ एक टक्क्याने घटला, तरी ०.११ सेकंद जातात. कांस्यपदकाचे अंतर होते ०.१३. शिवाय त्या टप्प्यावर सोडलेला वेग पुन्हा उचलणे थकलेल्या स्नायूंना जवळजवळ अशक्य असते. एका मीटरच्या स्पष्टीकरणासाठी मानेची गरजच उरत नाही.

११/
मग ‘आपण पुढे आहोत’ असे त्यांना का वाटले असावे? या शर्यतीत प्रत्येक मार्गिकेची प्रारंभरेषा पायरीपायरीने पुढे सरकवलेली असते. बाहेरच्या मार्गिकेतला धावपटू वळण संपेपर्यंत पुढेच भासतो. मिल्खा बाहेरच्या बाजूला होते, प्रमुख प्रतिस्पर्धी आत, पाठीमागे. त्यांचा वेग पाहायला डोळे उपयोगी नव्हते. आपला वेग आतून ओळखता येणे हाच एकमेव आधार होता, आणि त्या एका क्षणी तो डळमळला.

१२/
येथे एक आक्षेप येईल. २०१३ च्या ‘भाग मिल्खा भाग’ चित्रपटात मागे वळणे हे फाळणीच्या जखमेचे प्रतीक आहे. प्रतीकाला घड्याळ लावायचे का? फाळणीत त्या मुलाने आईवडील गमावले, हे सत्य कोणत्याही पदकाहून मोठे आहे. म्हणूनच त्याला पराभवाचे कारण म्हणून जुंपू नये. चित्रपटाला प्रतीकाचा अधिकार आहे. इतिहास सांगणाऱ्याला तो नाही.

१३/
दंतकथेचा अपाय दुहेरी आहे. एक: ती सांगते की आपण जिंकलोच होतो, केवळ एका नजरेने घात केला. मग प्रशिक्षण, मोठ्या स्पर्धांचा अनुभव, अडीचशे मीटरवर वेग ओळखण्याची सवय, यांविषयी प्रश्न विचारायचे कारणच राहत नाही. राष्ट्राची सोय होते आणि सारा दोष एका माणसाच्या मानेवर बसतो.

१४/
दोन: धावपट्टीवर उभ्या असलेल्या मुलामुलींना ती काहीच शिकवत नाही. ‘मागे पाहू नकोस’ हा सुविचार आहे. ‘पहिले दोनशे मीटर किती सेकंदांत जायचे, ते शंभर वेळा धावून अंगात मुरव आणि दुसऱ्या वळणावर शंका आली तरी वेग सोडू नकोस’ हे ज्ञान आहे. मिल्खा यांच्या शर्यतीतून ज्ञान मिळू शकत होते. हाती सुविचार ठेवला गेला.

१५/
शेवटचा आकडा. मिल्खा यांच्या ४५.७३ पेक्षा वेगवान वेळ भारतीय धावपटूने नोंदवली ती १९९८ साली: परमजीत सिंग, ४५.७०. मध्ये अडतीस वर्षे गेली. त्या अडतीस वर्षांत देशातील प्रत्येकाला मान वळल्याची गोष्ट पाठ होती. तिसऱ्या शंभर मीटरांची गोष्ट किती जणांना ठाऊक होती, हा खरा प्रश्न आहे.

(धागा समाप्त)