नकलेची परीक्षा

इंदूरहून उज्जैनकडे जाताना वाटेत सांवेर लागते. होळकरांचे राज्य 1948 साली मध्य भारतात विलीन झाले आणि 1956 साली मध्य भारत मध्य प्रदेशात गेला. पण सांवेरच्या शेतकऱ्याचा जमिनीवरील हक्क पटवाऱ्याच्या बस्त्यात आणि तहसिलीच्या दप्तरात टिकून राहिला. आता आपल्या सातबाऱ्याप्रमाणे तेथील खसराही संगणकावर गेला आहे. त्यामुळे लोकांची सोय झाली, हे निर्विवाद. मात्र ज्या नोंदीवर एखाद्या कुटुंबाचे सर्वस्व अवलंबून असते, ती पुसली गेल्यास परत कशी आणणार, हा प्रश्न विचारणे भाग आहे.

कागदाचे भय आपण पाहिले आहे. 21 जून 2012 रोजी मुंबईत मंत्रालयाचे वरचे मजले जळाले. 12 जून 2023 रोजी भोपाळच्या सातपुडा भवनात आरोग्यासह इतर खात्यांच्या फायली भस्मसात झाल्या. संगणक आला म्हणून हे भय टळले, असे समजण्यात अर्थ नाही. सप्टेंबर 2025 मध्ये दक्षिण कोरियातील देजॉन येथील सरकारी माहिती केंद्रास बॅटरीमुळे आग लागली. तेथे कर्मचाऱ्यांच्या कामकाजाची 858 टेराबाइट माहिती नष्ट झाली, कारण तिची दुसरी प्रत अन्यत्र नव्हतीच. संगणकविद्येत अग्रेसर असलेल्या देशाची ही कथा!

बरे, प्रत असली म्हणजे भागते असेही नाही. मूळ संगणकातील बदल तत्क्षणी उतरवून घेणारी जोडप्रत यंत्र बिघडल्यास उपयोगी पडते. पण कोणी चुकून नोंद पुसली तर ती तिथेही पुसली जाते. 2017 साली गिटलॅब या कंपनीत असाच प्रमाद घडला. राखीव प्रतींच्या पाच योजनांपैकी एकही भरवशाची नाही, हे ऐनवेळी उघडकीस आले आणि सुमारे सहा तासांची माहिती कायमची गेली. प्रत घेण्याची व्यवस्था होती. ती परत उतरवून पाहण्याची शिस्त नव्हती.

आमच्या मते खरे मर्म येथेच आहे. सरकारी निविदांत बॅकअपचा उल्लेख असतो, पण उल्लेख म्हणजे हमी नव्हे. प्रत्येक खात्याने तीन गोष्टी कराव्यात. एक प्रत दुसऱ्या शहरात ठेवावी. एक प्रत जाळ्यापासून अलग ठेवावी, म्हणजे खंडणीखोर आत शिरले तरी ती सुरक्षित राहील. आणि वर्षातून एकदा रिकाम्या यंत्रावर सर्व नोंदी पुन्हा उभ्या करून, त्यास किती वेळ लागला व काय हरवले, याचा अहवाल विधिमंडळापुढे मांडावा.

यास खर्च येईल, हे खरे. परंतु नोंद हरवली तर पुराव्याचा भार सरकारवर पडत नाही; तो सांवेरच्या किंवा सावंतवाडीच्या शेतकऱ्याच्या डोक्यावर येतो. कचेरीच्या हलगर्जीपणाची किंमत त्याने का मोजावी?