लहान धरणाखालची माणसे

धरणफुटीचा विषय निघाला की आपल्याकडे पानशेतचे नाव आल्याशिवाय राहत नाही. १२ जुलै १९६१ च्या त्या प्रलयाने मराठी मनावर एक चित्र कायमचे कोरले आहे : धरण म्हणजे अवाढव्य सरकारी बांधकाम, आणि धरणफुटी म्हणजे अवघ्या शहरावरचे संकट. या चित्रामुळे एक गोष्ट मात्र दृष्टीआड होते. खाजगी मालकीचा, नौकाविहारासाठी वा मासे धरण्यासाठी राखलेला, चाळीस फूटही उंच नसलेला मातीचा बांधदेखील झोपेतल्या माणसांचा बळी घेऊ शकतो.

अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात टोकोआ येथे ६ नोव्हेंबर १९७७ रोजी, मध्यरात्रीनंतर दीडच्या सुमारास, नेमके हेच घडले. तेथील धबधब्याच्या वरच्या अंगास केली बार्न्स नावाचे धरण होते आणि धबधब्याच्या पायथ्याशी एक धार्मिक महाविद्यालय. धरणाची मालकी त्या महाविद्यालयाचीच. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर लाकूड व दगड यांनी बांधलेला एक लहानसा बंधारा, पुढे त्यावर चढविलेला मातीचा भराव, नंतर पुन्हा वाढविलेली उंची, अशी त्या धरणाची घडण होती. १९५७ पर्यंत त्यापासून थोडीशी वीज मिळत असे. ती बंद पडल्यावर तलाव केवळ विरंगुळ्यापुरता उरला. त्या रात्री मुसळधार पाऊस होता, परंतु काही तासांपूर्वी धरण पाहून आलेल्यांना त्यात काही वावगे दिसले नव्हते. एकोणचाळीस माणसे मृत्युमुखी पडली आणि त्यांत लहान मुले बरीच होती.

चौकशी करणाऱ्या तज्ज्ञांना फुटीचे एकच एक कारण निश्चितपणे सांगता आले नाही. मात्र त्यांनी नोंदविलेली लक्षणे बोलकी आहेत. धरणाचे आराखडे उपलब्ध नव्हते. खालच्या अंगाचा उतार अतिशय उभा होता, त्यावर झाडे वाढली होती, भरावातून पाणी पाझरत होते. १९७३ सालच्या एका छायाचित्रात त्या उतारावरची माती घसरलेली स्पष्ट दिसत होती. म्हणजे धरण चार वर्षे आधी आपले दुखणे सांगत होते. ते ऐकून घेण्याची जबाबदारी मात्र कोणावरच नव्हती. वीज निर्माण होत असताना धरणाकडे निदान कामापुरते तरी लक्ष जाते. नुसत्या शोभेच्या तलावावर खर्च कोण करणार ?

हे केवळ टोकोआचेच दुर्दैव नव्हे. पेन्सिल्व्हेनियातील साऊथ फोर्क धरण मुळात कालव्यासाठी सरकारने बांधले होते. पुढे ते धनिकांच्या मासेमारी व शिकार क्लबाच्या हाती गेले. तळाशी असलेले पाणी सोडण्याचे लोखंडी नळ आधीच्या मालकाने काढून विकले होते. क्लबाने ते पुन्हा बसविले नाहीत. उलट गाड्यांना वाट व्हावी म्हणून धरणाचा माथा खाली उतरविला आणि मासे निसटू नयेत म्हणून सांडव्यात जाळ्या लावल्या. ३१ मे १८८९ रोजी ते फुटले आणि जॉन्सटाऊन परिसरात २,२०९ जीव गेले. अँड्र्यू कार्नेगींसारखी मंडळी सभासद असलेल्या त्या क्लबावर न्यायालयात जबाबदारी शाबीत झाली नाही. पुढे कार्नेगींनी त्या गावाला ग्रंथालय बांधून दिले, हे इतिहासाच्या खास विनोदबुद्धीचे उदाहरण म्हणावे लागेल.

आता आपल्या कायद्याकडे वळू. २०२१ चा धरण सुरक्षा कायदा हे निःसंशय स्वागतार्ह पाऊल आहे. त्याने धरणमालकावर दरवर्षी पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर तपासणी करण्याचे बंधन घातले असून मालकांच्या व्याख्येत खाजगी कंपन्याही येतात. परंतु हा कायदा लागू होतो तो पंधरा मीटरपेक्षा उंच धरणांना. दहा ते पंधरा मीटर उंचीचे धरण असल्यास त्याचा माथा पाचशे मीटर लांब हवा, किंवा साठा दहा लाख घनमीटर हवा, किंवा अशीच दुसरी एखादी अट पुरी व्हावी लागते. टोकोआचे धरण सुमारे साडेअकरा मीटर उंच व सव्वाशे मीटरांहून कमी लांब होते आणि फुटतेवेळी त्यात आठ लाख घनमीटरांपेक्षा कमी पाणी होते. लांबी व साठा या कसोट्यांवर ते आपल्या कायद्याच्या कक्षेत आले नसते. कायदा मोजतो ती भिंत. भिंतीखाली कोण झोपले आहे, हा प्रश्न तो त्यानंतर विचारतो.

अपघातानंतरची नुकसानभरपाई हाही प्रश्न सुटलेला नाही. दुसऱ्याच्या जमिनीत पाणी सोडणाऱ्याची, त्याचा निष्काळजीपणा सिद्ध न होताही, जबाबदारी ठरविणारा रायलंड्स विरुद्ध फ्लेचर हा प्रसिद्ध निवाडा १८६८ चा, आणि तो एका खाजगी जलाशयातूनच उद्भवला. मात्र प्रिव्ही कौन्सिलने १८७४ मध्ये मद्रास रेल्वे विरुद्ध कार्वेटनगरचे जमीनदार या खटल्यात हे तत्त्व लावले नाही. जमीनदाराचे तलाव रयतेच्या शेतीसाठी होते, ते राखणे हे त्याचे कर्तव्यच होते, हा त्यामागचा विचार. तो आजही पटण्याजोगा आहे. पण मग ज्या तलावाचा रयतेला काडीचाही उपयोग नाही, जो विश्रामगृहाच्या गच्चीवरून रम्य दिसावा एवढ्याचसाठी अडविला आहे, त्याच्या मालकाला त्या सवलतीचा आधार घेता येऊ नये, हेही ओघानेच येते.

सरकारी धरणांची देखभाल कशी होते, हे चिपळूण तालुक्यातील तिवरे येथे २ जुलै २०१९ च्या रात्री दिसले. तेथे वीसजणांच्या आसपास माणसे दगावली. गळतीच्या तक्रारी ग्रामस्थांनी आधीच केल्या होत्या. दुर्घटनेनंतर जलसंधारणमंत्र्यांनी खेकड्यांकडे बोट दाखविले! निदान तेथे तक्रार कोणाकडे करावी हे ठाऊक होते. खाजगी आवारातील बांधाखालच्या वस्तीला तर फाटकापलीकडे डोकावण्याचीही मुभा नसते.

टोकोआनंतर अध्यक्ष कार्टर यांनी देशभरातील खाजगी व इतर बिगरसंघीय धरणांची तपासणी हाती घेतली. वरून खाली आलेल्या पाण्याने जीवितहानी संभवते अशीच धरणे तीत प्राधान्याने निवडली गेली, आणि त्यांपैकी सुमारे एक तृतीयांश असुरक्षित ठरली. त्या तपासणीची तरतूद करणारा कायदा १९७२ पासूनच अस्तित्वात होता. त्यासाठी पैसा मात्र उपलब्ध करून दिलेला नव्हता. आपल्या राज्याला अशी मोजणी करणे अवघड नाही. प्रत्येक तालुक्यातील खाजगी बांधांची यादी तहसीलदारांनी करावी आणि खालच्या अंगाला घर असलेल्या बांधाची तपासणी, त्याची उंची कितीही असो, अभियंत्याकडून मालकाच्या खर्चाने व्हावी. तोवर भरावावर मोठी झाडे वाढली आहेत काय, सांडवा मोकळा आहे काय, आणि पायथ्याशी येणारा पाझर स्वच्छ आहे की गढूळ, एवढे तरी कोणी पाहावे. गढूळ पाझर म्हणजे भरावातील माती पाण्याबरोबर वाहून जात असल्याची खूण असते, आणि ती खूण बहुधा प्रथम खालच्या शेतकऱ्यालाच दिसते.