खो कोणी दिला, तेही छापा

मा. संपादक,


‘सर्वोत्तम सांघिक खेळ कोणता?’ या आपल्याकडे रंगलेल्या वादात क्रिकेट, फुटबॉल आणि कबड्डीचे वकील बोलून झाले. खो-खोचं नाव एकाही पत्रात नाही. शाळेच्या मैदानावर उभा जन्म शिट्टी फुंकण्यात गेलेल्या माणसाला हे गप्प बसून वाचवेना, म्हणून हे पत्र.

मुळात पत्रलेखकांनी घोळ करून ठेवला आहे. कोणता खेळ थरारक, कोणत्या खेळात पैसा, कोणता जगभर खेळतात, यावरच सगळी शाई खर्च झाली. प्रश्न सांघिक खेळाचा असेल तर कसोटीही तीच लावा ना. एकट्याने खेळून मोठं होणं ज्या खेळात सगळ्यात अवघड, तो सगळ्यात सांघिक.

क्रिकेटचा या कसोटीवर पहिल्याच चेंडूला त्रिफळा उडतो. डिसेंबर २०२१ मध्ये वानखेडेवर एजाझ पटेलने (जन्म मुंबईचाच) भारताचे एका डावातले दहाच्या दहा बळी घेतले आणि त्याचा न्यूझीलंड संघ ३७२ धावांनी हरला. लाराने २००४ मध्ये अँटिग्वाला नाबाद ४०० केल्या, सामना अनिर्णित. कुणी म्हणेल, यावरून एकट्याला सामना जिंकता येत नाही हेच ठरतं. ठरतं की! पण एकट्याला खेळता येतं, आणि संघ बुडाला तरी नाव तरतं, हेही ठरतं.

कबड्डीवाल्यांशी भांडायला जीव होत नाही. दोघातिघांनी साखळी धरून केलेली पकड हा सांघिक खेळाचा अस्सल नमुना. पण चढाईला जातो तो एकटाच. प्रदीप नरवालने २०१७ च्या प्रो कबड्डीत एका चढाईत आठ गुण मिळवले, तेव्हा त्याचे साथीदार आपल्या अंगणात उभे राहून बघत होते. फुटबॉलबद्दल लिहीत बसत नाही; मॅराडोनाचा १९८६ चा इंग्लंडविरुद्धचा, एकट्याने नेऊन मारलेला दुसरा गोल ज्यांनी पाहिला त्यांना सांगायला नकोच.

व्हॉलीबॉलपुढे मात्र मी थोडा नमतो. तिथे एकाच खेळाडूला चेंडू लागोपाठ दोनदा मारता येत नाही, त्यामुळे दुसऱ्याला द्यावाच लागतो. तरी मधे जाळी असते आणि ज्याची त्याची कामं बरीचशी वाटून दिलेली असतात.

आता खो-खो बघा. आठ गडी मधल्या पाटीवर बसलेले, एकाचं तोंड इकडे तर शेजारच्याचं तिकडे. नववा पाठलागावर. त्याने एकदा दिशा धरली की खांब गाठेपर्यंत मागे वळायचं नाही, मधली पाटी ओलांडायची नाही. ही बंधनं पळणाऱ्याला नाहीत. तो बसलेल्यांच्या मधून खुशाल आरपार जातो. म्हणजे पाठलाग करणारा कितीही चपळ असो, एकटा असेल तर तो हरणारच, अशी नियमांनीच सोय करून ठेवली आहे. पळणारा पलीकडे गेला की याने तिकडे तोंड असलेल्या गड्याच्या पाठीवर हात ठेवून ‘खो’ म्हणायचं आणि त्याच्या जागी मुकाट बसायचं. हाताशी आलेली शिकार दुसऱ्याला देऊन टाकायची, तीही पूर्ण वेगात आणि नेमक्या पावलावर!

तरुणपणी एका अंतिम सामन्यात मी तीन पावलं उशिरा खो दिला. पळणारा हातभर अंतरावर होता, गडी माझ्या नावावर हवा होता. त्याने खांबाजवळ हुलकावणी दिली आणि पुढची दीड मिनिटं तो आमच्या हाती लागला नाही. सामना गेला. आमचे सर एवढंच म्हणाले, “हात लांब, पण मूठ घट्ट.”

आणि बसलेला गडी म्हणजे रिकामा गडी, असं समजू नका. तो पायाच्या चवड्यांवर तोललेला असतो, डोळे पळणाऱ्यावर, कान मागे. खोच्या आधी हलला तर फाऊल. उशिरा उठला तर गडी निसटला.

आक्षेप येईल तो मीच मांडतो: पळतीत खेळाडू एकटाच असतो. खरं आहे. पण तीन जणांच्या तुकडीतला एकजण दोन मिनिटं तग धरतो, तेव्हा तो मागच्या तुकडीची दोन मिनिटं वाचवत असतो. शिवाय जो पळतो त्यालाच पुढच्या पाळीत बसावंही लागतं. निव्वळ फलंदाज, निव्वळ गोलरक्षक असली चैन इथे नाही.

म्हणूनच २०२२ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या अल्टिमेट खो-खो लीगमधला ‘वझीर’ मला पटलेला नाही. त्या एका गड्याला कोणत्याही दिशेने धावायची मुभा दिली. टीव्हीवर छान दिसतं, मान्य. पण ज्या अडचणीतून हा खेळ सांघिक झाला, तीच एकाला माफ केली.

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला विश्वचषक झाला. अंतिम सामन्यांत प्रियंका इंगळेच्या भारतीय महिला संघाने नेपाळला ७८-४० असं, तर प्रतीक वाईकरच्या पुरुष संघाने नेपाळलाच ५४-३६ असं हरवलं. दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे. पण एरवी खो-खोच्या स्पर्धांच्या बातम्या येतात त्या पानाच्या तळाशी, ‘अमुकने १.५० मि. संरक्षण करत चार गडी बाद केले’ अशा साच्यात. त्या चार गड्यांसाठी ज्यांनी वेळेवर खो दिले, ती नावं कुठेच नसतात. फुटबॉलच्या बातमीत गोलचा पास देणाऱ्याचं नाव असतं.

तेव्हा विनंती एवढीच, की यंदाच्या राज्य अजिंक्यपद स्पर्धेला वार्ताहर पाठवाल, तेव्हा त्याला वहीत आणखी एक रकाना आखायला सांगा: खो कोणाचा?

आपला,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक, सांगली