अपडेट आजी

मोबाइलवर ‘अपडेट उपलब्ध आहे’ असा मेसेज आला की तुम्ही काय करता? मी ‘नंतर’ दाबते. गेले आठ महिने पप्पांच्या बाबतीतही मी तेच करत होते.

झालं असं, की मी एका चॅनेलची पर्मनंट नोकरी सोडून फ्रीलान्सिंग सुरू केलं. पप्पा म्हणाले, “म्हणजे आता घरी बसणार.” मी म्हणाले, “तुम्हाला नाही कळायचं.” बस्स! तेव्हापासून आमचा सगळा व्यवहार व्हाया मम्मी. ईस्टरच्या आदल्या शनिवारी विरार लोकलमध्ये लोंबकळत मी वसईला पोचले, तेही आजीनं फोनवर दम भरला म्हणून.

रात्री चर्चमध्ये जागरणाचा विधी असतो. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. सगळे दिवे बंद. बाहेर अंगणात नवा अग्नी पेटवतात, त्यावर पास्काची मोठी मेणबत्ती लावतात. तिच्यावर चालू सालाचे आकडे कोरलेले असतात. ती काळोखात आत येते आणि तिच्या ज्योतीवरून एकेकाची मेणबत्ती पेटत जाते. मला चर्चमधलं बाकी काही आवडो न आवडो, हे सॉलिड आवडतं. संध्याकाळी ओट्यावर आजीला म्हटलं, “निदान ही एक गोष्ट तरी जुनी, ओरिजिनल राहिलीय.”

आजी हसायलाच लागली. “अगं, आम्ही पोरी होतो तेव्हा हे सकाळी व्हायचं. लख्ख उजेडात मेणबत्त्या! कुणाला काय दिसणार?”

पत्रकार असल्यामुळे मी लगेच चेक केलं. आजी बरोबर. काही शतकं हा विधी शनिवारी सकाळी उरकला जायचा. १९५१ मध्ये पोप बारावे पायस यांनी तो प्रयोग म्हणून रात्री करायला परवानगी दिली आणि १९५६ पासून सगळीकडे तसाच नियम झाला. मुळात पहिल्या शतकांतले ख्रिस्ती लोक रात्रीच जागायचे म्हणे. म्हणजे जुनं परत आणायला नवा नियम करावा लागला. आणि मी ज्याला ‘ओरिजिनल’ म्हणत होते, ते माझ्या ८४ वर्षांच्या आजीपेक्षा लहान निघालं!

मग तिची गाडी सुटलीच. तिच्या लग्नानंतर मिस्सा लॅटिनमधूनच व्हायची. फादरची पाठ लोकांकडे, भाषा डोक्यावरून. बायका आपल्या जपमाळ ओढत बसायच्या. तिकडे रोममध्ये १९५८ साली ७६ वर्षांचे जॉन तेविसावे पोप झाले. वय बघून लोकांना वाटलं, हे चार दिवसांचे पाहुणे. तीन महिन्यांच्या आत, जानेवारी १९५९ मध्ये, या आजोबांनी अख्ख्या चर्चची महासभा बोलावण्याची घोषणा केली. त्यांचा आवडता इटालियन शब्द होता ‘अज्जोर्नामेन्तो’. सरळ अर्थ, अपडेट! दुसरी व्हॅटिकन महासभा १९६२ ते १९६५ चालली. ती संपलेली बघायला ते राहिले नाहीत. १९६३ मध्येच गेले. पण मिस्सा लोकांच्या भाषेत आली आणि आमच्या वसईत ती मराठी झाली.

“खूश झाली असशील,” मी म्हटलं.

“छे! तुझे आजोबा म्हणाले, देवाची भाषा गेली. मीपण कुरकुरले. लॅटिन बरं होतं गं. ते काही करायला सांगत नव्हतं.”

आजीचं तेव्हा जावेशी विहिरीच्या पाण्यावरून दोन वर्षं वाजलं होतं. एका रविवारी फादरनी मराठीत वाचलं, की वेदीपाशी अर्पण आणलंस आणि भावाचं तुझ्याविरुद्ध काही आहे हे आठवलं, तर अर्पण तिथंच ठेव, आधी जाऊन समेट कर. लॅटिनमध्ये हे तिनं कितीदा ऐकलं असेल कोण जाणे! त्या दिवशी कळलं आणि पंचाईत झाली. जावेकडे गेलीस का लगेच? “कुठली लगेच! पावसाळा गेला मध्ये. मग गेले.”

बायबलमधल्या ‘पश्चात्ताप’ या शब्दाचं मला नेहमी दडपण यायचं. आधी चुका, मग जळत बसा. पण मूळ ग्रीक शब्द ‘मेटानोइया’ आहे, म्हणजे मन बदलणं. हे मी बऱ्याच वर्षांपूर्वी कुठंतरी वाचलं होतं आणि मित्रमैत्रिणींत दोन-तीनदा भाव खाऊन सांगितलंही होतं. स्वतःला मी एकदम ओपन माइंडेड समजते ना! करिअर बदललं, शहर बदललं, हेअरकट तर विचारूच नका. फक्त पप्पांबद्दलचं मत आठ महिने जसंच्या तसं.

रात्री चर्चमध्ये बाप्तिस्म्याच्या वचनांचं नवीकरण झालं. फादर विचारतात, सगळे एका सुरात उत्तर देतात. दर वर्षी तेच प्रश्न. एकदा दिलेलं वचन पुरत नाही, हे चर्चला माहीत असावं. मी लहानपणापासून सवयीनं उत्तरं देत आले. यंदा पहिल्याच प्रश्नाला अडखळले, कारण मनात जावेची विहीर होती. तेवढ्यात वारा आला आणि माझी मेणबत्ती विझली. शेजारी पप्पा. त्यांनी न बोलता आपली मेणबत्ती सरळ धरली. मी माझी तिरकी करून पेटवून घेतली. मेण त्यांच्या बोटावर सांडलं.

“सॉरी,” मी म्हणाले. मेणाबद्दलच, खरं तर.

घरी चालत येताना मम्मी आणि आजी मुद्दाम मागे राहिल्या, हे माझ्या लक्षात आलं. बरंच अंतर आम्ही काहीच बोललो नाही. मग वाडीच्या वळणावर मी म्हटलं, “त्या दिवशी मी जरा जास्तच बोलले, पप्पा.”

ते बोटावरचं मेण खरवडत होते. म्हणाले, “त्या दिवाळीच्या लेखाचे पैसे आले का?”

“अजून नाही.”

“मग फोन कर त्यांना. सोडू नकोस.”