कर्ता कोठें गेला?

उलव्यास आमच्या घरापासून जासईचा दास्तान फाटा फार दूर नाहीं. १९८४ च्या जानेवारींत, १६ व १७ तारखांस, नव्या शहराकरितां घेतलेल्या जमिनीचा रास्त मोबदला मागणाऱ्या शेतकऱ्यांवर या टापूंत पोलिसांनीं गोळ्या झाडल्या आणि पांच माणसें मेलीं. दि. बा. पाटलांच्या त्या लढ्यानंतर साडेबारा टक्के विकसित जमिनीची योजना आली; आम्ही राहतों ती इमारत तशाच एका भूखंडावर उभी आहे.

‘पोलिसांनीं गोळ्या झाडल्या’ हें साधें वाक्य; पण वृत्तपत्रांत तें या रूपांत क्वचितच आढळावयाचें. तेथें ‘जमाव अनावर झाल्यानें गोळीबार करावा लागला’ असें असतें. करावा लागला! आज्ञा कोणीं दिली, हें विचारावयास व्याकरणांत जागाच उरत नाहीं. ठेच लागावी, तसा गोळीबार लागला. विद्यार्थ्यानें निबंधांत कर्ता गाळला तर आम्ही तांबडी रेघ ओढतों. संपादकांस ती कोणीं ओढावी?

परंतु हा दोष सरकारधार्जिण्या पत्रांच्याच माथीं मारून सुटतां येणार नाहीं. चळवळीचे कैवारीही हेंच व्याकरण गिरवितात. ‘तरुणांचा संयम सुटला, दगडफेक झाली, गाड्या पेटल्या.’ गाड्या आपोआप पेटत नाहींत. आमचे एक स्नेही म्हणतात कीं, दुबळ्याच्या हातचा दगड छापला कीं बळवंताच्या बंदुकीस निमित्त मिळतें. भीति खोटी नव्हे. दगड व बंदूक सारख्या तोलाचीं मानणें आम्हांसही मान्य नाहीं. पण तोलावयाचें तर दोन्ही जिन्नस तराजूंत दिसले पाहिजेत. आज लपविलेला दगड उद्यां बाहेर येतो, आणि मग खऱ्या हुतात्म्याच्या कथेवरही लोक विश्वास ठेवीनासे होतात. २५ सप्टेंबर १९३० रोजीं चिरनेरास जंगल सत्याग्रहावर पोलिसांनीं गोळ्या झाडल्या. त्या दिवशींच्या मृतांत सत्याग्रही होते, तसे मामलेदारही होते. मामलेदारांचा उल्लेख केल्यानें सत्याग्रह्यांचें मोल तसूभर उणें होत नाहीं.

कोणी टिळकांचा दाखला देतील. ३० एप्रिल १९०८ रोजीं मुझफ्फरपुरास खुदिराम बोस व प्रफुल्ल चाकी यांनीं किंग्जफर्ड यांच्यासाठीं बॉंब टाकला आणि केनेडी घराण्यांतील दोन स्त्रिया मेल्या. असे बॉंब दडपशाहीच्या पोटीं जन्मतात, असें ‘केसरी’नें लिहिलें, टिळकांस सहा वर्षें शिक्षा झाली. खटल्यांत त्यांची मोठी तक्रार सरकारी भाषांतराविषयीं होती. शब्दाला दिलेल्या रंगानें माणूस मंडालेस जातो, हें त्या पिढीस ठाऊक होतें. कारण सांगणें म्हणजे समर्थन करणें नव्हे. लेखकाचा हा हक्क राखलाच पाहिजे. मात्र तो बजावतांना त्या दोन स्त्रिया वाक्यांतून गळूं नयेत.

आतां मोबाइलवर बातमी छापखान्याच्या आधीं पोंचते. दुसऱ्याच गांवच्या जाळपोळीचें जुनें चित्र आजचें म्हणून फिरतें, आणि ‘व्हायरल झालें’ म्हणून आपण मोकळे होतों. झालें कसें? सुशिक्षित घरांत, चहा घेतां घेतां, आपणच तें पुढें धाडलें. आम्हींही एकदां धाडलें आहे. चूक कळल्यावर तें मुकाट्यानें पुसून टाकलें. ज्यांस धाडलें होतें त्यांतील एकालाही कळविलें नाहीं.