माणदेशातून मंगळाकडे

इंग्रजी पुस्तकांच्या दुकानात हल्ली एक नवाच फराळ मांडलेला दिसतो. कमरेला पिस्तूल लावलेला घोडेस्वार, त्याच्या डोक्यावरून सुसाट जाणारे अंतराळयान, कुठल्याशा ओसाड ग्रहावरचे एका खानावळीचे गाव, आणि त्या सगळ्या धुरळ्यात एकमेकांवर जीव टाकणारे दोन पुरुष किंवा दोन स्त्रिया!

"हे काय खूळ?" म्हणून पान उलटू नका, वाचकहो. चकलीच्या भाजणीत तांदूळ, हरभऱ्याची डाळ, उडीद, धने, जिरे सारे एकत्रच दळले जाते. चकली खुसखुशीत झाली की कोणते धान्य कोणत्या गावचे, हे कोणी विचारत बसत नाही. गोष्टीचेही तसेच आहे.

आणि सातारा-सांगलीकरांनी तर या भाजणीला परके मुळीच म्हणू नये. अमेरिकेच्या पश्चिमेकडल्या माळरानावर गुराखी आणि दरोडेखोर यांच्या ज्या कथा घडतात, त्यांना तिकडे 'वेस्टर्न' म्हणतात. आता आपल्याकडे पाहा. पाऊस रुसलेला माणदेश, क्षितिजापर्यंत पसरलेला माळ, मेंढरांमागे घर सोडणारे धनगर. माडगूळच्या व्यंकटेश माडगूळकरांनी १९५५ साली 'बनगरवाडी'त हाच मुलूख साऱ्या महाराष्ट्राला दाखवला. वाटेगावच्या अण्णा भाऊ साठ्यांचा 'फकिरा' १९५९ साली आला. उपाशी माणसांसाठी सरकारी खजिना लुटणारा तो वीर कोणत्या घोडेस्वाराला हार जाईल? आगगाडी लुटण्याचा प्रसंग हवा असेल, तर त्यासाठी कादंबरीही लागत नाही. ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ प्रतिसरकारच्या तूफान सेनेने सरकारी पगाराची रक्कम नेणारी गाडी अडवली, हा तर इतिहासच आहे. राहता राहिले विज्ञान. साताऱ्याहून चाळकेवाडीच्या पठारावर संध्याकाळी जावे. धुक्यात शेकडो पवनचक्क्यांचे पांढरे हात फिरत असतात आणि आपण पृथ्वीवरच आहोत ना, अशी शंका येते.

म्हणजे माळ आहे, घोडा आहे, यंत्र आहे. प्रश्न उरतो तो प्रेमाचा. हे प्रेम सांगायला लेखकांना इतके लांब, थेट परग्रहावर का जावे लागते?

थिओडोर स्टर्जन नावाच्या अमेरिकन लेखकाने १९५३ साली एक विज्ञानकथा लिहिली. परग्रहावरून दोन देखणे जीव पृथ्वीवर येतात. त्यांचे एकमेकांवरचे प्रेम पाहून अवघी पृथ्वी खुळावते, त्यांना डोक्यावर घेते. पण त्यांचा ग्रह निरोप पाठवतो, "ते आमचे गुन्हेगार आहेत, परत द्या." लगेच पाहुण्यांची पाठवणी होते. वाटेत यानावरच्या दोन खलाशांना उलगडा होतो. ते दोघेही नर आहेत आणि त्यांचा गुन्हा एवढाच! खलाशांपैकी जो आडदांड आणि अबोल असतो, तो त्यांना गुपचूप सोडून देतो. का? कारण त्याचाही जीव आपल्या जोडीदार खलाशावर जडलेला असतो. हे तो त्याला कधीच सांगू शकलेला नसतो आणि पुढेही सांगणार नसतो. त्या काळी असे लिहायचे तर पात्रे आकाशातूनच आणावी लागत. पृथ्वीवरचा माणूस फक्त गप्प राहू शकत होता.

पुढे अ‍ॅनी प्रू या लेखिकेची 'ब्रोकबॅक माउंटन' ही कथा १९९७ साली आली आणि २००५ साली तिच्यावर चित्रपट निघाला. वायोमिंगच्या डोंगरावर १९६३ च्या उन्हाळ्यात मेंढ्या राखणाऱ्या दोन तरुणांची ही कथा. आपल्या धनगरवाड्यातल्या कोणालाही तो तंबू, तो गारठा, ती राखण ओळखीची वाटेल. डोंगरावर असेतोवर त्यांचे ठीक चालते. खाली उतरले की दोघांची लग्ने होतात, मुले होतात. एकाला वाटते, आपण दोघांनी मिळून छोटीशी वाडी करावी, गुरे पाळावीत, सोबत राहावे. दुसरा भितो. त्याने लहानपणी अशा एका माणसाचे काय केले गेले, ते डोळ्यांनी पाहिलेले असते. लक्षात घ्या, त्यांना राज्य नको आहे, खजिना नको आहे. हवी आहेत ती फक्त एका छपराखालची दोन अंथरुणे.

कोणी म्हणेल, हे सारे तिकडचे. आपल्याकडे कुठे असते असले? पण आपल्या मराठी रंगभूमीचा उगमच पाहा. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केले, तेव्हा सीताही पुरुषच होता. १९०५ साली बालगंधर्व मिरजेत शकुंतला होऊन उभे राहिले आणि पुढे घराघरांतल्या बायका त्यांच्यासारखे पातळ नेसू लागल्या. अभिनय तो अभिनयच, त्यावरून कोणाच्या खाजगी आयुष्याचा तर्क करू नये. सांगायचे ते इतकेच, की पुरुषाच्या हावभावात स्त्री पाहण्याचे आपल्याला कधी वावडे नव्हते. पडदा पडेपर्यंत आपण टाळ्या वाजवल्या. मात्र तसाच एखादा हळवा मुलगा आपल्या आळीत निघाला, तेव्हा त्याला चिडवून चिडवून आपणच घरात कोंडले.

म्हणूनच रोहन परशुराम कानवडे यांच्या 'साबर बोंडं' या मराठी चित्रपटाचे मोल मोठे. २०२५ साली अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात त्याला परदेशी कथापटांचे सर्वोच्च पारितोषिक मिळाले. त्यात घोडा नाही, पिस्तूल नाही, यान तर नाहीच. वडील वारले म्हणून मुंबईचा आनंद दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी येतो आणि तिथे त्याला लहानपणचा मित्र बाळ्या भेटतो. शेत, शेळ्या, निवडुंगाची लाल बोंडे. भोवती नातेवाइकांचा एकच घोष, "लग्नाचे काय?" आनंदच्या आईला मात्र सारे ठाऊक आहे आणि ती पोराच्या बाजूने उभी आहे. मंगळावरची गोष्ट इथे माजघरात आली, ती त्या माउलीमुळे.

कायद्याने आपला वाटा काही उचलला आहे. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशा प्रेमावरचा गुन्ह्याचा शिक्का पुसला. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात मात्र विवाहाचा हक्क मिळाला नाही. ते काम न्यायालयाने संसदेवर सोडले. तेव्हा आज या जोडप्यांना तुरुंगाचे भय नाही, पण घराचा आधारही नाही. तो देणे ना न्यायाधीशांच्या हाती आहे, ना लेखकांच्या. तो आपल्या हाती आहे.

या दिवाळीत फराळाला मंडळी जमतील. ताटे मांडली जातील आणि कोणी आत्या किंवा काका तिशीतल्या भाच्याला सवयीने विचारतील, "काय, यंदा कर्तव्य आहे ना?" तो हसून मान खाली घालील आणि शेजारी बसलेला त्याचा 'खोलीवरचा मित्र' उगाचच चिवडा निवडत बसेल. अशा वेळी प्रश्न तिथेच सोडून द्यावा आणि त्या मित्राच्या ताटात आणखी एक लाडू वाढावा. "संकोच करू नकोस बाबा, घर तुझेच आहे," एवढे म्हटले की पुरे.